पावसात न बिघडणारी लाइन

१

पडद्यावरच्या तिघांचे चेहरे गोठले, तेव्हा सूनबाई जिन्याबद्दल बोलत होती. घराचा जिना कोपऱ्यात न ढकलता मधोमध का घ्यावा, हा तिचा हातखंडा विषय. मधल्या बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. ते कौतुकानं असावं अशा समजुतीनं ती आणखी बराच वेळ बोलली. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या मॉडेमकडे गेलं. हिरवा दिवा विझला होता.

"गेलं," ती म्हणाली.

"गेलं!" पलीकडच्या खोलीतून दीर ओरडला. त्याचा खेळ ऐन रंगात आलेला असणार.

"काय गेलं?" हॉलमधून सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी विचारलं. ते रोज हेच विचारत आणि रोज उत्तराची वाट न पाहता पेपरात डोकं घालत.

नवरा कामानिमित्त परगावी होता. त्याला मोबाइल लावला तर तो म्हणाला, "बंद करून चालू कर." लग्नाआधी तो असाच बोलत असता तर तिनं फेरविचार केला असता.

सूनबाई घरांचे नकाशे काढायची. लग्न होऊन या गावात आली आणि जुनी नोकरी सुटली. तेव्हापासून तिच्या पेन्सिली डब्यात टोकदार पडून होत्या आणि ते तिला मनापासून खुपत होतं. आता कुठे एका मोठ्या कचेरीत घरून करायचं काम मिळायची वेळ आली होती, तर मुलाखत अशी दुसऱ्यांदा बुडाली. थोड्या वेळानं, दिवा परत लागल्यावर, मेल आलाच. आपल्याकडचं इंटरनेट भरवशाचं नसेल तर घरून काम देणं अवघड आहे, तरी परवा याच वेळी एकदा शेवटचं बोलू, असं त्यात सौम्य शब्दांत लिहिलं होतं.

कंपनीचा माणूस तोवर कितीदा येऊन गेला होता. तो सकाळी यायचा, सकाळी सगळं उत्तम चालायचं, मग तो घरच्यांकडे कीव आल्यासारखा बघून जायचा. नेट जायचं ते संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, आणि नेमकी वेळ कधीच सांगून जायचं नाही.

तेवढ्यात आत्या वरच्या मजल्यावरून खाली आली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, घराची खरी मालकीण. सगळ्या घराच्या कपाळाला आठ्या पडलेल्या, आणि हिच्या चेहऱ्यावर मात्र भरल्या पोटाचं समाधान.

"चला," ती म्हणाली. "पानं घ्यायची ना?"

सूनबाईनं जेवता जेवता ठरवलं. आता मामाला बोलावण्यावाचून गत्यंतर नाही.

२

सूनबाईचा मामा टेलिफोन खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झाला होता. वायर जोडण्यापेक्षा ती का तुटली याची गोष्ट सांगण्यात त्याला जास्त रस. वरच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. "पोलिसांना चोर सापडतो तो चुकून," असं तो ओळख नसलेल्यांनाही सांगायचा. "मला फॉल्ट सापडतो तो विचार करून."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, चहा मागितला आणि कुठल्याही वायरीला हात न लावता खुर्चीत पसरला.

"आधी माणसं," तो म्हणाला. "वायर खोटं बोलत नाही, त्यामुळे तिला शेवटी विचारलं तरी चालतं. अण्णा, रागावू नका, पण सुरुवात तुमच्यापासून करतो."

"करा की. या घरात माझ्यावर संशय घ्यायला कोणी परवानगी मागत नाही."

संशयाला जागा होती. अण्णा घरभर फिरून बटणं बंद करत. मॉडेमचा हिरवा दिवा दिवसाढवळ्या कशाला जळतोय, म्हणून एकदा त्यांनी तोही बंद केला होता.

"ते एकदाच," अण्णा म्हणाले. "त्यानंतर या दोघांनी मला त्या कोपऱ्यात फिरकू दिलेलं नाही."

"आणि हा हॉलमधला फोन? वाजतो का?"

"वाजायचा. मीच घंटी बंद करून टाकली. कुणीतरी वात्रट पोरं रोज संध्याकाळी दोनदा वाजवून ठेवून द्यायची. उठून जावं तर पलीकडे कोणी नाही. गुडघे माझे दुखतात, गंमत त्यांची होते."

"कधी बंद केलीत?"

"उन्हाळ्याच्या शेवटी."

मामानं सूनबाईकडे पाहिलं. "आणि चिमे, नेट कधीपासून जातंय?"

सूनबाई आठवू लागली. तेव्हापासूनच जात होतं. पण घंटी बंद केल्यानं इंटरनेट कसं जाईल, हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

मग दीर. तो आत्याच्या पुढ्यात उभा होता, कारण आत्या त्याच्या अंगातल्याच शर्टाला बटण लावत होती. शर्ट निळा आणि दोरा किरमिजी.

"निळा संपलाय," आत्या म्हणाली. "हलू नकोस, टोचेल."

बटणाखाली दोरा गोल गोल गुंडाळून शेवटी उलटा फास ओढायचा, ही आत्याची जुनी पद्धत. तिनं लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघायचं नाही.

"तू रात्रंदिवस खेळतोस म्हणे," मामा दिराला म्हणाला. "स्वतःच्या खोलीत वेगळी वायर पण ओढली आहेस."

"ती मॉडेमच्या पुढची आहे, मामा, फोनच्या लाइनशी तिचा संबंध नाही. आणि खेळात मीच मरतो ना नेट गेल्यावर. मी कशाला स्वतःचा गळा कापू?"

"हे मात्र खरं आहे," मामानं खेदानं कबूल केलं. संशयित म्हणून दिरावर त्याचा बराच भरवसा होता. "ताई, आता तुम्ही. संध्याकाळी तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? बागेत फिरायला जाते. तिथं बाकावर जरा बसते. आले की वर खोलीत जाऊन पाय पसरते, मग खाली येऊन जेवायचं बघते." आत्यानं दोरा दातानं तोडला. "तुमच्या त्या नेटमधलं मला ओ की ठो कळत नाही."

"मोबाइल नाही का तुमच्याकडे?"

"नको तो. कुणी कधी फोन केला ते त्यात राहून जातं. कोणीही उचलून बघावं. माणसाला स्वतःचं म्हणून काही असावं की नाही?"

"आत्याकडे फोन आहे की," दीर म्हणाला. "वर, खोलीत. तो जुना काळा, डायलचा."

"तो शोभेला आहे," आत्या म्हणाली आणि सुईदोऱ्याचा डबा मिटून स्वयंपाकघरात गेली.

मामा चहा ढवळत बसला. त्याच्याजवळचे संशयित संपत आले होते, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.

"एक मात्र आहे, मामा," नवीन बटण ओढून बघत दीर म्हणाला. "पाऊस असला की नेट एकदम मस्त चालतं. मागं सलग झड लागली होती ना, तेव्हा एकदाही गेलं नाही."

मामाचा चमचा थांबला.

"परत सांग," तो म्हणाला.

३

"चिमे," मामा जिन्याकडे चालत चालत म्हणाला, "पावसात लाइन बिघडते. पाणी शिरतं, जोड गंजतात, लोक शिव्या देतात. माझ्या अख्ख्या नोकरीत पावसानं सुधारलेली लाइन मी पाहिली नाही. का नाही पाहिली?"

"का?"

"कारण वायर पावसात बाहेरच असते. पावसात घरी बसतं ते माणूस."

सूनबाईच्या अंगावर शहारा आला. मामाला तो दिसला आणि त्याची छाती जराशी फुगली.

हॉलमधल्या फोनच्या वायरीला काडेपेटीएवढी पांढरी डबी लावलेली होती. मामानं ती दाखवली. "हा फिल्टर. एकाच वायरीतून तुझं इंटरनेटही येतं आणि फोनची घंटीही. घंटीचा धक्का मोठा. ही डबी तो धक्का इंटरनेटला लागू देत नाही. आता बघ." त्यानं फोन डबीसकट उपटून सोफ्यावर ठेवला. "लाइनवर आता फक्त मॉडेम राहिला. तू उघड्या दारातून तुझ्या खोलीतल्या दिव्यावर लक्ष ठेव."

मग त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून याच घरचा नंबर फिरवला.

हॉल शांत होता. फोन सोफ्यावर निपचित पडलेला. आणि हिरवा दिवा एकदा लुकलुकून विझला.

"गेलं!" आतून दीर ओरडला.

"काय गेलं?" अण्णांनी विचारलं.

मामानं आवाज खाली आणला. "वाजायला फोनच नाही, तरी धक्का बसला. याचा अर्थ या घरात आणखी एक घंटी वाजते आहे. बिनफिल्टरची. आणि आपल्याला ऐकू येत नाही."

बाहेरून येणारी लाइन जिन्याखालच्या कपाटात उतरत होती. मामा झाडू आणि जुन्या चपला बाजूला सारून आत शिरला. त्याचा निम्मा भाग बाहेर राहिला. सूनबाई त्याच्या खांद्यावरून टॉर्च धरून वाकली. भिंतीवर एक छोटी पेटी होती. तिच्यातून एक वायर हॉलकडे गेली होती. दुसरी, जुनी, जिन्याच्या कडेनं वर गेली होती. नवा फोन आला तेव्हा ती वरची वायर कापून सोडून दिली असावी, तशी कापल्याची खूणही दिसत होती. पण आता ती कापलेली नव्हती. कुणीतरी पुन्हा जोडली होती.

"जोड बघ," मामा पुटपुटला. "टेप नाही, काही नाही. दोऱ्यानं बांधलाय. ही वायरमनची गाठ नव्हे."

सूनबाईनं टॉर्च जवळ नेला. दोरा गोल गोल, एकसारखा गुंडाळलेला होता, शेवटी उलटा फास ओढलेला. रंग किरमिजी.

तिच्या डोळ्यांपुढून दिराचं बटण गेलं. मग आत्याचा रोजचा तो समाधानी चेहरा, नेट गेल्यावर लगेच खाली येणारा. पावसात बागेत न जाणारी आत्या, दोनदा वाजणारी घंटी, कुणी उचलून बघू नये म्हणून नको असलेला मोबाइल. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं आणि तिला वाटलं, हे आपण बघायला नको होतं.

"मामा," ती म्हणाली, "आपण ती वायर गुपचूप..."

पण मामा कपाटातून बाहेर पडला होता, जाळ्याजळमटांसकट, आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक होती जी सूनबाई लहानपणापासून ओळखत होती.

"सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव," तो म्हणाला.

४

सगळे जमले. आत्या बागेत जायच्या तयारीत होती. पायात चपला, दोन्ही हातांत पिशवी छातीशी धरलेली. "लवकर आटपा," ती म्हणाली. "मला उशीर होतोय."

मामानं घसा साफ केला. हा क्षण त्याच्या वाट्याला निवृत्तीनंतर प्रथमच येत होता आणि तो त्याला घाईत उरकायचा नव्हता. त्यानं पावसापासून सुरुवात केली. सकाळी न सापडणारा फॉल्ट, अण्णांनी बंद केलेली घंटी, घरातली न ऐकू येणारी दुसरी घंटी, जिन्याखालचा जोड. दीर तोंड उघडं टाकून ऐकत होता. अण्णांनी पेपर खाली ठेवला, ही या घरात मोठी गोष्ट होती.

"थोडक्यात," मामा म्हणाला, "या घरातल्या एका व्यक्तीला रोज संध्याकाळी बाहेरून खूण येते. दोन घंट्या. अण्णांनी खालची घंटी बंद केली, तेव्हा त्या व्यक्तीनं स्वतःसाठी दुसरी चालू केली. आणि ती व्यक्ती आहे..."

त्याचं बोट वर गेलं. सूनबाईनं मान हलवली, अगदी थोडी. मामानं तिच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.  पिशवीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

बोट हवेत फिरत राहिलं. सोफ्यावरून, टीव्हीवरून, पंख्यावरून फिरून ते शेवटी जिन्याखाली आलं.

"उंदीर," मामा म्हणाला.

"काय?" अण्णा म्हणाले.

"उंदीर. खुणेचं मी आपलं रंगवून सांगितलं. उंदरानं ओढाताण करून वायरीला वायर चिकटवली आहे. असला गबाळा, ओंगळ जोड मी जन्मात पाहिला नाही. उंदराशिवाय कुणाचं काम नाही ते."

त्याचा आवाज पडला होता. सूनबाईला तेव्हा मामाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्याच्या एकाही हुशारीचा कधी वाटला नव्हता.

"गबाळा?" आत्या म्हणाली.

सगळे वळले.

"गबाळा कुठून दिसला तुम्हाला? चांगला वीतभर दोरा घालून बांधलाय. ओढून बघा, सुटतो का. उंदीर म्हणे. उंदराला असा फास येतो?"

मामाचं बोट खाली आलं.

"मागं फोन बसवायला माणूस आला होता, तेव्हा मी बघत होते," आत्या आता थांबायला तयार नव्हती. "या टोकाला ते टोक. ब्लाउजला हुक लावण्यापेक्षा सोपं आहे. घंटीवर मोजा चढवला, म्हणजे कुणाची झोपमोड नको. मला काय माहीत त्यानं तुमचं नेट जातं? कुणी सांगितलं का मला? नुसते ओरडता, गेलं गेलं."

"ताई," अण्णा हळूच म्हणाले. "ती वात्रट पोरं..."

"पोरं नाहीत. घड्याळवाले आहेत."

"कोपऱ्यावरचे? ज्यांनी माझं घड्याळ वर्षभर दुरुस्तीला ठेवून घेतलं, ते?"

"ते पहिल्याच आठवड्यात झालं होतं," आत्या जमिनीकडे बघत म्हणाली. "मी चौकशीला जायचे ना दर वेळी. मग आणू कसं?"

दिराला ठसका लागला. सूनबाईनं त्याच्या पाठीत जरा जोरातच चापट मारली.

"आता बागेत भेटतो. बोलत बसतो, अंधार पडतो. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मधला तो चौक, दिवे नाहीत, गाड्या अंगावर येतात. घरी पोहोचले की दोन घंट्या देतात. तेवढं कळलं की मला घास गिळवतो." आत्यानं सूनबाईकडे पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "पण पोरी, तुझं काम बुडालं माझ्यामुळे. मामा, तोडून टाका ती वायर. मी त्यांना सांगेन, आजपासून नको म्हणून."

 सूनबाईला हवी असलेली गोष्ट तिच्या पुढ्यात ठेवलेली होती आणि ती उचलावीशी वाटत नव्हती.

"तोडायची कशाला?" मामा म्हणाला. त्यानं आपल्या पिशवीतून एक पांढरी डबी काढली आणि फुंकर मारून धूळ उडवली. "ही वर लावली की झालं. मग घंटी कितीही वाजू दे. आणि तुमच्या जोडाला मी हात लावत नाही. खरं सांगायचं तर आमच्या खात्यात असा जोड करणारं कोणी नव्हतं."

आत्याचा चेहरा उजळला, पण अण्णा उठले होते. ते बहिणीकडे न बघता आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाहेर निघाले.

"कुठे, अण्णा?" सूनबाईनं विचारलं.

"घड्याळ बंद पडलंय."

त्यांच्या मनगटावरचा सेकंदकाटा व्यवस्थित फिरताना तिला दिसत होता. आत्यालाही दिसला असावा, कारण तिच्या हातातली वाटी खाली पडली. रात्रभर भाऊ बोलला नव्हता. आता हा जाऊन काय सांगून येणार, या धास्तीनं तिनं दिवसभर कशाला म्हणून नीट हात लावला नाही. अण्णा परत आले, जेवले, झोपले. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आभाळ स्वच्छ होतं. आत्या बागेत गेली आणि नेहमीपेक्षा लवकर परतली.

"ते आले नाहीत आज," एवढंच म्हणून ती हॉलमध्येच बसून राहिली.

सूनबाईच्या मुलाखतीची वेळ झाली होती. तिनं दार ओढून घेतलं, पण पुरतं लावलं नाही. पडद्यावर तिघं आले. मधल्या बाई म्हणाल्या, "आपण जिन्यावर होतो. आज पोहोचू ना वरपर्यंत?"

"पोहोचू," सूनबाई म्हणाली आणि बोलू लागली, एक डोळा हिरव्या दिव्यावर ठेवून.

तेवढ्यात वर घंटी वाजली. मामानं मोजा काढून आत्याला परत दिला होता, त्यामुळे ती आता घरभर घुमली. 

दिवा जळत राहिला. बाईंच्या भुवया वर जाऊन खाली आल्या, म्हणजे त्या गोठल्या नव्हत्या.

दुसरी घंटी वाजली. हॉलमध्ये आत्यानं सुटकेचा मोठा सुस्कारा टाकला. पोहोचले. आता थांबेल.

तिसरी वाजली.

"अगं ताई," अण्णांचा आवाज आला, "ऊठ की. माणूस किती वेळ धरून बसेल?"

मग जिन्यावर चपलांचा आवाज, आत्याच्या वयाला न शोभणारा. घंटी मध्येच तुटली, आणि वरून स्पष्ट ऐकू आलं, "हॅलो? पोहोचलात ना? ... घरीच होता? मग बागेत का नाही... काय? अण्णा आला होता? बंद पडलेलं घड्याळ घेऊन?"  मग, "असं म्हणाला? 'आज बागेत नको, फोनच करा. आमच्या ताईला जिना चढायला वेळ लागतो, दोन घंट्यांत ठेवू नका'? आणि काय म्हणाला? ... उद्या? आमच्याकडे? जेवायला?"

हॉलमध्ये अण्णांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"काही अडचण आहे का?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. "तुम्ही थांबलात म्हणून विचारलं."

सूनबाईनं डोळे पुसले. "नाही. आमच्या आत्याचा फोन आहे."

"बरं. मग सांगा, जिना मधोमध का हवा?"

मागच्या दोन्ही वेळा तिनं उजेड सांगितला होता, खेळती हवा सांगितली होती, जागेची बचत सांगितली होती. सगळं पाठ होतं. पण वर आत्या हसत होती, आणि ते हसू जिन्यावरून खाली येत होतं, टीव्हीला न जुमानता.

"म्हणजे वर कोण एकटं आहे ते खाली कळतं," सूनबाई म्हणाली.

बाई क्षणभर एकदम स्तब्ध झाल्या. सूनबाईनं घाईनं कोपऱ्यात पाहिलं. दिवा हिरवाच होता.